बापाच्या केस पेपरवर काय लिहिलंय?

(वस्तीतल्या तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

'रुग्णांच्या ऑनलाइन आरोग्य नोंदी आणि त्यातल्या नियोजित सुधारणा' असा विषय मला दिलाय. विषय वाचला तेव्हा मागं दोघं-तिघं हसले, ते मी पाहिलं. हसा. मीही हसलो होतो. गल्लीतल्या संडासात पाणी नाही आणि हा बाबा कॉम्प्युटरातल्या केस पेपरवर बोलणार! पण अर्धा तास ऐका. मग हसायचं तर हसा.

ही कॅरी बॅग बघा. आतमध्ये माझ्या बापाचे बावीस वर्षांचे कागद आहेत. चार एक्सरे, रक्ताचे रिपोर्ट, औषधाच्या चिठ्ठ्या, घामानं आणि पावसानं अक्षरं उडालेले केस पेपर. प्रत्येकाच्या घरात अशी एक पिशवी असते. खुंटीला नाहीतर ट्रंकेत. कुणी आजारी पडलं की आई पहिल्यांदा पिशवी शोधते, मग रिक्षा.

माझा बाप गटारात उतरायचा. ठेकेदाराचा माणूस. हजेरीच्या वहीत नाव कधी असायचं, कधी नसायचं. खोकला लागला तेव्हा सरकारी दवाखान्यात गेला. मी दहावीत होतो, नुकतं इंग्रजी वाचता यायला लागलं होतं. बाप म्हणाला, "लेका, एवढी फी भरली शाळेची, वाच की काय लिवलंय." मी वाचलं. दोन शब्द लिहिले होते : 'क्रॉनिक स्मोकर'. जुना बिडी ओढणारा.

माझ्या बापानं उभ्या जन्मात बिडी ओढली नाही. तंबाखू मळायचा, ते खरं. पण बिडी नाही. त्याला विचारलंच नव्हतं कुणी. समोर शंभर माणसांची रांग, शिकाऊ डॉक्टर रात्रभर जागा. खोकणारा, काळा, अंगाला वास येणारा माणूस टेबलापाशी आला. हा बिडी ओढत असणारच, असं ठरलं आणि लिहिलं गेलं. आणि धंद्याच्या रकान्यात काय होतं? 'लेबर'. गटार नाही, वायू नाही, काही नाही.

बाप हसला. म्हणाला, "न ओढता ओढली म्हणत्यात, ओढली असती तर बरं झालं असतं." मी कागद घेऊन खिडकीपाशी गेलो. कारकून म्हणाला, "एकदा लिहिलं ते लिहिलं." तिथंच मिटलं. पुढं प्रत्येक डॉक्टरनं जुना कागद बघून तेच उतरवलं. दोन शब्द चौदा कागदांवर गेले. बाप गेल्यावर आई ठेकेदाराकडं गेली, तर त्याच्या माणसानं तोच कागद तिच्यापुढं धरला. "ए बाई, तुझा नवरा बिडीनं मेला. आमचा काय संबंध?"

मित्रांनो, हा आजचा विषय आहे. नोंद कुणी लिहायची, कुणी वाचायची, कुणी दुरुस्त करायची. बाकी सगळं कॉम्प्युटर.

आता काय चाललंय ते बघू. १५ ऑगस्ट २०२० ला राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियान जाहीर झालं. आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत करून बघितलं आणि २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर, 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' या नावानं. चालवतं राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण. प्रत्येकाला १४ आकडी नंबर मिळतो, त्याला 'आभा' म्हणतात. ७० कोटींहून अधिक नंबर काढून झालेत. तुमच्यातल्या कित्येकांचा असेल आणि तुम्हाला ठाऊक नसेल. कारण २०२१ मध्ये लस घेताना ज्यांनी आधार दाखवलं, त्यातल्या अनेकांचे नंबर तिथंच तयार झाले. लस टोचताना सुई दिसली, नंबर दिसला नाही.

एक घोटाळा आधी दूर करा. आभा कार्ड म्हणजे पाच लाखांच्या मोफत उपचाराचं कार्ड नव्हे. ते वेगळं. वस्तीत दोन्ही कार्डं एकाच दोऱ्यात ओवून ठेवलेली मी बघितलीत. दवाखान्यात गेल्यावर कळतं की आभानं एक पैसा सुटत नाही. आभा म्हणजे तुमच्या कागदांची किल्ली, एवढंच.

किल्ली चालते कशी? कागद दिल्लीत एका गोदामात जात नाहीत. ज्या दवाखान्यानं लिहिले त्याच्याच कॉम्प्युटरात राहतात. दुसऱ्या डॉक्टरला हवे असतील तर तुमच्या मोबाइलवर विचारणा येते. कुठले कागद, कुठल्या तारखेपासून, किती दिवसांसाठी, हे तुम्ही ठरवायचं. दिलेली परवानगी मागेही घेता येते. कागदावर ही गोष्ट चांगली आहे. मी चांगल्याला चांगलं म्हणणार. ठाण्यात काढलेला रिपोर्ट परळला दिसला, पुन्हा रक्त काढावं लागलं नाही, तर गरिबाचे पाचशे रुपये आणि एक खाडा वाचतो. रांगेत उभं राहण्याऐवजी क्यूआर कोड दाखवून टोकन मिळतं, हेही २०२२ पासून सुरू झालं. म्हातारीचे पाय वाचतात. त्याला नावं ठेवायची नाहीत.

पण विचार करा. माझ्या बापाचे ते दोन शब्द या यंत्रात असते तर? कागदावरची चूक पायी चालायची. चौदा कागद व्हायला तिला कित्येक वर्षं लागली. आता चूक धावणार. एका मिनिटात परळ, ठाणे, नाशिक. विम्याच्या दाव्यांचीही देवाणघेवाण याच मिशनखाली सुरू झालीय. म्हणजे 'बिडी ओढतो' हे डॉक्टरआधी कंपनीच्या टेबलावर पोचू शकतं. सुधारणा म्हणून जे सांगतात त्यात वेग आहे, जास्त दवाखाने जोडणं आहे. १ जानेवारी २०२३ पासून तर नोंदी जोडणाऱ्या रुग्णालयांना नोंदीमागं पैसे देण्याची योजनाच सुरू झाली. नोंद जोडली की पैसे. नोंद खरी आहे का, हे माझ्या बापाला विचारण्याचे पैसे कुणाला मिळतात?

म्हणून माझ्या सुधारणा वेगळ्या आहेत. एकेक सांगतो.

पहिली : धंदा लिहा. नुसतं 'लेबर' नको. गटार, कचरा, दगडखाण, कातडं, भंगार. किती वर्षं, कुणाच्या ठेक्यावर. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना १० लाख द्यायला सांगितले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३० लाख केले. पण गटारात गुदमरून जागच्या जागी मेलेला दिसतो. गटारानं फुप्फुसं खाऊन दहा वर्षांनी मेलेला कुठं दिसतो? तो दिसायचा असेल तर केस पेपरवरच. लाखो नोंदी एकत्र झाल्या आणि त्यात धंदा असला, तर कुठल्या कामानं माणसं मरतात हे कुणालाही लपवता येणार नाही. मला तर वाटतं, या सगळ्या यंत्राचा आपल्याला खरा उपयोग तिथंच आहे.

इथं जातीचा प्रश्न येतो. ऑगस्ट २०२० च्या धोरणाच्या मसुद्यात 'संवेदनशील माहिती'च्या यादीत जात आणि राजकीय मत हेही होतं. त्यावर ओरड झाली आणि ती बरोबर होती. काही मित्र म्हणतात, जात लिहिलीच पाहिजे, नाहीतर भेदभाव मोजणार कसा? मोजा. पण नावं काढून, वेगळी पाहणी करून मोजा. डॉक्टरच्या पडद्यावर कशाला? त्याला आडनाव पुरतं, पत्ता पुरतो. रकाना हवा आहे तो कामाचा, कारण मारतंय ते काम.

दुसरी : चूक दुरुस्त करायची खिडकी. धोरणात दुरुस्तीचा हक्क आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही आहे. पण हक्क असतो दिल्लीत आणि कारकून असतो खिडकीत. प्रत्येक दवाखान्यात अर्ज घेणारा माणूस हवा, पोचपावती हवी, किती दिवसांत उत्तर ते भिंतीवर लिहिलेलं हवं. आणि डॉक्टरनं दुरुस्ती नाकारली, तर रुग्णाचं म्हणणं नोंदीला जोडलेलं राहिलं पाहिजे. "मी बिडी ओढत नाही. मी गटारात उतरतो." हे वाक्य त्या दोन शब्दांच्या शेजारी दिसलं पाहिजे, जिथं जिथं ते दोन शब्द जातील तिथं.

तिसरी : भाषा. कायदा म्हणतो, परवानगी मागताना आधीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या भाषेत बघता आली पाहिजे. म्हणजे मराठीत. ठीक. पण आतली नोंद? ती इंग्रजीत. दरवाजावर मराठी पाटी आणि आत सगळा परका कारभार. नोंदीचा सारांश सोप्या मराठीत हवा. ज्याला वाचता येत नाही त्याला ऐकता यायला हवा. आणि मागेल त्याला छापील कागद.

चौथी : फोन. सगळी परवानगी ओटीपीवर. आपल्या घरात फोन किती? एक. तो कुणाकडं? नवऱ्याकडं, नाहीतर पोराकडं. बाई दवाखान्यात, ओटीपी नवऱ्याच्या खिशात! १९७१ चा गर्भपाताचा कायदा गुप्तता पाळायला सांगतो. २०१७ चा एचआयव्हीचा कायदाही सांगतो. आणि आपण बाईच्या कागदांची किल्ली दुसऱ्याच्या फोनला टांगतो? आपल्यातले पुरुषही इथं मान खाली घालून बसू नका, वर बघा. हे साहेबलोकांनी केलेलं नाही, आपण केलंय. फोनशिवाय, स्वतः समोर उभं राहून परवानगी देण्याची सोय हवी. आणि नंबर नाही म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही. योजना ऐच्छिक आहे, तर ऐच्छिक हा शब्द टोकनच्या खिडकीवर मोठ्या अक्षरांत लावा.

पाचवी : मेल्यानंतर. आईला बापाचे कागद मिळाले नव्हते, हेलपाटे घातले. २०२३ च्या कायद्यात वारस नेमायची सोय आहे, आपण मेल्यावर किंवा अंथरुणाला खिळल्यावर आपले हक्क कुणी वापरायचे ते ठरवता येतं. आभा काढतानाच हे विचारलं पाहिजे.

त्या कायद्याबद्दल एक कडू गोष्टही ऐका. माहिती फुटली तर २५० कोटींपर्यंत दंड आहे. बातमी ऐकून बरं वाटतं. पण दंड जातो सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला काय? पूर्वी माहिती तंत्रज्ञान कायद्यात नुकसानभरपाईचं एक कलम होतं, ते काढून टाकण्याची तरतूद याच कायद्यात केली. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या. म्हणजे मार खाणारा आपण, आणि भरपाई मिळते मारणाऱ्याच्या काकाला.

कुणी म्हणेल, आपलं कोण ऐकणार? ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. तिथं २०१२ साली अशीच व्यवस्था सुरू झाली. आधी ज्याला हवं त्यानं यायचं होतं. मग सरकारनं उलटं केलं, सगळ्यांची नोंद आपोआप, नको असेल त्यानं 'नको' कळवायचं. लोकांनी बोंब ठोकली. मुदत लांबत ३१ जानेवारी २०१९ पर्यंत गेली. सुमारे २५ लाख लोकांनी 'नको' कळवलं. आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये कायदा बदलावा लागला : नोंद कायमची पुसता येईल, कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलिसांना मिळणार नाही, विमा कंपनीला आणि मालकाला ती वापरता येणार नाही. सुधारणा कारखान्यातून आली नाही. ओरडण्यातून आली. ओरडण्याचा अनुभव आपल्याला कमी आहे का?

आता काम. भाषण ऐकून घरी जायचं असेल तर मी फुकट बोललो.

येत्या रविवारी सगळ्यांनी आपापली कॅरी बॅग घेऊन या. ज्याला इंग्रजी येतं त्यानं पाच घरांचे कागद वाचायचे आणि त्या घरातल्या माणसासमोर मोठ्यानं सांगायचे. त्याची परवानगी असेल तरच, आणि चारचौघांत नाही. धंदा काय लिहिलाय ते बघा. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज तिथंच लिहा. जुने कागद अडवले असतील, तर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनं डॉक्टरवर बंधन घातलंय, मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे. भरती झालेल्याचे कागद तीनच वर्षं ठेवायचं बंधन आहे, म्हणून उशीर करू नका. आणि पिशवी फेकू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर हल्ल्यानं बंद पडले, तेव्हा एवढ्या मोठ्या रुग्णालयाचं काम कित्येक दिवस हातानं, कागदावर चाललं. कॉम्प्युटर असू दे. पिशवीही असू दे.

माझा बाप आता दुरुस्त होणार नाही. पण त्याच्याबरोबर उतरणारे चौघं अजून त्याच ठेक्यावर आहेत. त्यांच्यापैकी दोघं आज इथं बसलेत, खोकतायत, तुम्ही सगळे ऐकताय. रविवारी पहिल्यांदा त्यांचे कागद वाचू.