बांध, बाबा आणि क्यूजीआयएस: नकाशा शिकताना मी केलेली चूक

आज आपण डिजिटल नकाशाचं सॉफ्टवेअर शिकणार आहोत, अगदी शून्यापासून. पण सुरुवात एका भांडणापासून करतो. कारण हे सॉफ्टवेअर शिकल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी माझ्या बाबांचं आणि काकांचं भांडण लावून दिलं होतं.

दौंड तालुक्यात आमचं गाव आहे. आजोबांच्या माघारी शेताचे दोन वाटे झाले. सातबाऱ्यावर बाबांच्या नावे ०.८० हेक्टर आणि काकांच्याही नावे तेवढंच. म्हणजे ८० आर. आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच, त्यामुळे घरात सगळे 'ऐंशी-ऐंशी गुंठे' म्हणतात. मधे एक बांध. मी दिवाळीला घरी गेलो तेव्हा बाबा म्हणाले, "बांध दरवर्षी थोडा थोडा आपल्याकडे सरकतोय असं वाटतंय. तू कॉम्प्युटरवाला ना, बघ की मोजून."

झालं! बीटेक झालेल्या पोराला एवढं पुरेसं असतं.

मी लॅपटॉपवर क्यूजीआयएस टाकलं. हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे. गॅरी शर्मन नावाच्या माणसाने २००२ मध्ये ते सुरू केलं आणि आज जगभरातले लोक मिळून ते बनवतात. डाउनलोड करताना 'लाँग टर्म रिलीज' लिहिलेली आवृत्ती घ्या, ती नवशिक्यांना बरी पडते.

आता पहिली गोष्ट समजून घ्या: लेयर. चुलीवरच्या तव्यावर भाकरी, तिच्यावर पिठलं, त्यावर ठेचा, तसा नकाशा थरांचा असतो. खाली उपग्रहाचं चित्र. हा झाला रास्टर लेयर, म्हणजे साध्या फोटोसारखे बारीक चौकोन. त्याच्या वर आपण काढलेल्या आकृत्या. हा झाला व्हेक्टर लेयर. व्हेक्टरमध्ये तीनच प्रकार: विहीर असेल तर बिंदू, रस्ता असेल तर रेषा आणि शेत असेल तर पॉलिगॉन, म्हणजे बंद आकार. प्रत्येक आकृतीमागे एक तक्ता असतो, एक्सेलसारखा. त्यात नाव, पीक, क्षेत्रफळ काहीही भरा.

मी आधी फोनवर शेताच्या कोपऱ्यांचे आकडे घेतले आणि फाइल सॉफ्टवेअरमध्ये टाकली. शेत कुठे दिसलं माहितीये? नॉर्वेच्या उत्तरेला, समुद्रात! कारण सॉफ्टवेअर आधी एक्स विचारतं, मग वाय. एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश. आपण मात्र बोलताना 'अक्षांश-रेखांश' म्हणतो, तसंच मी भरलं. आमचं गाव १८.४ अक्षांश आणि ७४.५ रेखांशाच्या आसपास आहे. उलटं भरलं की थेट बर्फात. ही चूक प्रत्येक जण एकदा करतो, तुम्हीही कराल. करा आणि हसा.

ते दुरुस्त केलं. मग उपग्रहाच्या चित्रावर काकांच्या शेताचे कोपरे क्लिक करत पॉलिगॉन काढला. पेन्सिलचं चिन्ह दाबायचं, कोपरे टिपायचे, शेवटी राइट क्लिक. तक्त्यात फील्ड कॅल्क्युलेटर उघडला, क्षेत्रफळाचं सूत्र टाकलं. उत्तर आलं ८,९५० चौरस मीटर. म्हणजे साडेएकोणनव्वद गुंठे. सातबाऱ्यावर ऐंशी!

मी मोठ्या रुबाबात बाबांना सांगितलं, "काकांकडे साडेनऊ गुंठे जास्त आहेत." बाबा काही बोलले नाहीत. जेवले नाहीत नीट. रात्री काकांना फोन केला आणि आवाज चढला. बांध कोरल्याचा आरोप खेड्यात साधा नसतो, लोक त्यावरून पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या दारात जात नाहीत.

सकाळी काका स्वतः घरी आले. चहाही नको म्हणाले. लॅपटॉपकडे बघून मला एकच प्रश्न विचारला: "माझं साडेनऊनं जास्त भरलं, तर तुमचं तेवढंच कमी भरलं असेल ना? ते मोजलंस का?"

मी मोजलंच नव्हतं.

तिथेच, त्यांच्यासमोर मोजलं. आमचं शेत आलं ८,९३०. म्हणजे दोघांचंही वाढलं! बांध सरकला तर एकाचं वाढेल, दुसऱ्याचं घटेल. दोघांचं वाढायला जमीन काय पाऊस पडून फुगते?

आता नीट ऐका, कारण आजचा सगळा एपिसोड याच्यासाठी आहे. पृथ्वी गोल, स्क्रीन सपाट. संत्र्याचं साल टेबलावर सपाट करायचं तर ते कुठेतरी फाटणार किंवा ताणलं जाणार. ते कसं सपाट करायचं याच्या नियमाला म्हणतात कोऑर्डिनेट रेफरन्स सिस्टीम, थोडक्यात सीआरएस. वेबवरचे बहुतेक नकाशे वेब मर्केटर वापरतात, त्याचा नंबर ईपीएसजी ३८५७. या नकाशात विषुववृत्तापासून जितकं लांब जाल तितकं सगळं मोठं दिसतं. म्हणून ग्रीनलँड आफ्रिकेएवढा वाटतो. खरं तर आफ्रिका त्याच्या साधारण चौदा पट आहे. दौंडच्या अक्षांशावर ही फुगवटी क्षेत्रफळात ११-१२ टक्के होते. लेहला गेलात तर ४५ टक्क्यांच्या आसपास.

मी लेयर बनवताना समोर आलेलं ३८५७ तसंच राहू दिलं होतं. आणि सूत्र वापरलं होतं 'एरिया, कंसात जिओमेट्री'. ते सूत्र सपाट नकाशावरचं क्षेत्रफळ देतं. फुगलेल्या नकाशावर फुगलेलं उत्तर!

मग उपाय काय? दोन आहेत. एक, 'डॉलर एरिया' हे सूत्र वापरा. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये एलिप्सॉइड निवडलेला असेल तर ते पृथ्वीचा गोलवा धरून मोजतं. दोन, लेयर यूटीएममध्ये एक्सपोर्ट करा. ७८ रेखांशाच्या पश्चिमेला, म्हणजे पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर इथे झोन ४३ उत्तर, नंबर ३२६४३. नागपूर आणि पूर्व विदर्भासाठी झोन ४४, नंबर ३२६४४.

इथे अजून एक खड्डा आहे. 'सेट लेयर सीआरएस' नावाचा पर्याय दिसेल. तो आकडे बदलत नाही, फक्त पाटी बदलतो. मिरचीच्या डब्यावर 'साखर' लिहिल्यासारखं! बदल हवा तर एक्सपोर्टच करा. आणि एक्सपोर्ट केल्यावर क्षेत्रफळ पुन्हा काढा, तक्त्यातला जुना आकडा आपोआप सुधारत नाही.

मी पुन्हा मोजलं. काकांचं ८,०१०. आमचं ७,९९०. फरक माझ्या क्लिकच्या थरथरीएवढा. बांध जागच्या जागी होता.

बाबा काकांना म्हणाले, "बस, चहा घे." माफी वगैरे आमच्याकडे मागत नाहीत, चहा देतात. मी मात्र मागितली. काका म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही रे, पण विचारणाऱ्याला अक्कल पाहिजे."

तर तुमच्यासाठी होमवर्क. फोनवर क्यूफील्ड नावाचं मोफत ॲप आहे, क्यूजीआयएसचे प्रोजेक्ट त्यात चालतात. आधी गल्लीतली झाडं किंवा नळ बिंदू म्हणून टिपा. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा फोनचा जीपीएस पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवतो, हे लक्षात ठेवा. एवढ्या फरकात अख्खा बांध गायब होतो! उपग्रहाचं चित्रसुद्धा काही मीटर सरकलेलं असू शकतं. म्हणून हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, लॅपटॉप घेऊन भांडायला जाऊ नका.

आणि कोणताही आकडा कुणाला सांगण्याआधी, ज्याचं क्षेत्रफळ तुम्हाला पक्कं माहीत आहे अशी एखादी जागा त्याच पद्धतीने मोजून बघा. शाळेचं मैदान, तुमचा प्लॉट, काहीही. तो आकडा जुळला तरच पुढे जा. मी हे पाच मिनिटांचं काम केलं असतं तर बाबा त्या रात्री नीट जेवले असते.

पुढच्या वेळी नकाशाला रंग कसे भरायचे ते बघू. तोवर तुमचं शेत समुद्रात गेलं तर मला नक्की कळवा. भेटू!