हाडांचा जमाखर्च



मूत्रपिंडाच्या विकारावर बोलावयाचे आणि सुरुवात हाडांपासून करावयाची, हे आपणांस विचित्र वाटेल. म्हणून आधी एक हकीकत सांगतो.

एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी येत. गृहस्थ कमालीचे शिस्तीचे. पण त्यांच्या अंगाला असह्य खाज सुटे आणि रक्तातला फॉस्फरस काही केल्या उतरेना. फॉस्फरस म्हणजे आपले शेतकरी खताच्या पोत्यावर वाचतात ते स्फुरद. त्यावर कॅल्शियमच्या गोळ्या चालू होत्या. "घेता ना?" असे विचारले की मास्तर रागावत. "एक चुकवलेली नाही. पहाटे पाचला, दुपारी तीनला, रात्री दहाला, घड्याळ लावून!" मी कपाळाला हात लावला. 'दिवसातून तीन वेळा' असे माझ्याच हाताने मी चिठ्ठीवर लिहिले होते. 'जेवताना' हा एक शब्द लिहावयाचा राहिला होता.

त्या एका शब्दाचे एवढे महत्त्व का, ते पाहू. शरीरातला सुमारे ८५ टक्के फॉस्फरस हाडांत असतो. कॅल्शियम तर ९९ टक्के. रक्तात फिरते ती चिल्लर. ती सांभाळणारा कारकून म्हणजे मूत्रपिंड. जास्तीचे स्फुरद ते लघवीवाटे बाहेर टाकते. शिवाय ड जीवनसत्त्वाला शेवटचा संस्कारही बव्हंशी तेच देते. हे १९७० साली केंब्रिजच्या फ्रेझर आणि कोडिसेक यांनी दाखविले. म्हणून 'कोवळ्या उन्हात बसा' हा शेजाऱ्यांचा सल्ला या रोग्याला अपुरा पडतो. कच्चा माल आला तरी कारखाना बंद आहे!

मग यंत्र हे काम करीत नाही काय? करते, पण हिशेब जुळत नाही. समजा, रोजच्या अन्नात १००० मिलिग्रॅम फॉस्फरस आहे आणि त्यातला ६०० रक्तात उतरतो. आठवड्याचे झाले ४२००. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये सुमारे ८०० निघतो. तीनदा केले तर २४००, आणि मास्तरांप्रमाणे दोनदाच केले तर अवघे १६००. उरलेल्याचे काय करावयाचे?

येथे मानेतील परावटु ग्रंथी पुढे येतात. बहुधा चार, तांदळाच्या दाण्याएवढ्या. (त्यांचे पहिले वर्णन रिचर्ड ओवेन यांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्यात केले. माणसात त्या सापडल्या पुढे, १८८० साली, स्वीडनच्या सँडस्ट्रॉम यांना.) रक्तात स्फुरद वाढले आणि कॅल्शियम घटले की या ग्रंथी चेकाळतात आणि हाडांतला ऐवज काढू लागतात. हाडे पोकळ होतात आणि तो चुना रक्तवाहिन्यांच्या भिंतींत जाऊन बसतो. हाड दुखते म्हणून रोगी तक्रार करतो. रक्तवाहिनी मुकाट्याने कडक होते, आणि जिवाला खरा धोका तिचाच. बरे, औषधे देऊन ग्रंथींना फार दडपले तर हाडांची डागडुजीच थांबते. तेव्हा मार्ग अरुंद आहे.

आता ती गोळी. ती रक्तावर काम करीत नाही, ताटातल्या अन्नावर करते. घासाबरोबर पोटात गेली तर तेथेच फॉस्फरसला धरून शौचावाटे नेते. रिकाम्या पोटी घेतली तर धरणार कोणाला? उलट तिच्यातले कॅल्शियमच अधिक प्रमाणात रक्तात शिरते.

पूर्वी यासाठी ॲल्युमिनियमची औषधे देत. आपल्या नळाच्या पाण्यात गाळ बसावा म्हणून तुरटी घालतात, तिच्यातही तेच ॲल्युमिनियम. आपण ते पाणी पितो आणि काही बिघडत नाही. पण डायलिसिसमध्ये शेकडो लिटर पाणी रक्ताच्या शेजारून, केवळ एका पातळ पडद्याआडून वाहते. १९७० नंतरच्या दशकात इंग्लंडातील न्यूकॅसल येथे रोग्यांची हाडे मोडू लागली, कित्येकांची बुद्धी भ्रमली. १९७९ साली ब्रिटनमधील अठरा केंद्रांची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत हे दुखणे पाण्यातल्या ॲल्युमिनियमशी जुळले. पाणी शुद्ध करताच ते ओसरले. म्हणून आपला माणूस जेथे जातो, तेथे पाणी केव्हा तपासले, हे विचारावयास लाजू नका.

पथ्याविषयी एवढेच, की डाळ तोडून माणसाला वाळवू नका. डायलिसिसमध्ये प्रथिने वाहून जातात, ती भरून काढावीच लागतात. डाळीतले स्फुरद निम्म्याहून कमी अंगी लागते. खरे वैरी डबाबंद पदार्थ, डब्यातले चीज, काळी शीतपेये; त्यांत मिसळलेले फॉस्फेट जवळजवळ सगळे शोषले जाते. अंड्याचा पांढरा बलक चालतो, पिवळा बेताने.

मास्तरांनी गोळ्यांची बाटली घड्याळाजवळून उचलून जेवणाच्या पाटाशेजारी ठेवली. दोन महिन्यांत आकडा खाली आला, रात्रीची झोप लागू लागली. नंतर एकदा क्ष-किरणांनी काढलेल्या पायाच्या चित्रात हाडाशेजारी एक पांढरी रेघ दिसली. "ही खडूची रेघ कसली?" त्यांनी विचारले. ती रक्तवाहिनी होती. तीतला चुना किती आजाराचा आणि किती माझ्या चिठ्ठीचा, हे मला त्यांना सांगता आले नाही.