स्प्रिंगचे पाय



छत्तीसगडात हरेलीचा सण आला की पोरे बांबूच्या गेड्यांवर चढतात आणि चिखलातून खुशाल गावभर फिरतात. गेडीवर माणूस उंच होतो खरा, पण बांबू ताठ असल्यामुळे उडी काही उंच जात नाही. त्या गेडीला स्प्रिंग बसवली तर?

ही कल्पना तशी जुनी. सेंट पीटर्सबर्गच्या निकोलस याग्न यांनी १८९० साली पायांलगत धनुष्यासारख्या कमानी बांधण्याच्या साधनाचे अमेरिकेत पेटंट घेतले. पुढे जर्मनीतील अलेक्झांडर ब्योक यांच्या स्प्रिंगच्या पायांना २००४ साली तेथेच पेटंट मिळाले. त्यांच्याच नावावरून या खेळाला ‘पॉवरबॉकिंग’ म्हणू लागले.

याची रचना सोपी आहे. पाऊल एका पायरीवर बांधायचे, गुडघ्याखाली पट्टा आवळायचा. मागच्या बाजूस मोटारीच्या कमानपाट्यासारखी एक लांब पट्टी असते. ती फायबरग्लासची, म्हणजे राळेत बसवलेल्या काचेच्या तंतूंची. टेकायला खाली रबराचा लहानसा खूर.

आता तुम्ही म्हणाल, मग स्प्रिंगच माणसाला उडवते की! पण पाटा स्वतः काही कमावीत नाही. तुम्ही खाली येता तेव्हा तुमच्या भाराने तो वाकतो, ती शक्ती साठवतो आणि सुटताना बरीचशी परत देतो. प्रत्येक वेळी पायांनी थोडा जोर घातला की उडी वाढत जाते. उभ्याने झोका चढवताना आपण हेच करतो. कांगारूच्या मागल्या पायांतील स्नायुबंधही असेच काम करतात.

पण मंडळी, जो उंच जातो तो तितक्याच उंचीवरून खाली येतो. म्हणून पाटा वजन पाहूनच घ्यावा. पोराच्या पायाला थोराचा पाटा बांधला तर तो वाकणारच नाही; थोराने पोराचा बांधला तर मोडण्याची भीती. शिवाय खूर इवलासा, त्यामुळे यावर स्वस्थ उभे राहता येत नाही, पावले टाकीतच राहावे लागते. नवशिक्या पडतो आणि हात टेकतो; मनगट जायचे ते तिथेच. डोके, मनगटे, कोपरे, गुडघे यांना संरक्षण हवेच. कोरडी, सपाट जागा निवडावी, दोन्ही बाजूंना धरायला माणसे असावीत. आणि उडण्याआधी पडायला शिकावे: पुढे, गुडघ्यांच्या गाद्यांवर.

एक कळकळीची विनंती. जुन्या मोटारीचे पाटे काढून घरी असे पाय करण्याच्या फंदात कुणी पडू नये. पोलादी पाटा कुणाचे वजन विचारून परत उसळत नाही.

शिक्षकबंधूंनो, हा धडा वर्गात सहज दाखवता येईल. वेताची छडी वाकवा, टोकाशी खडूचा तुकडा ठेवा आणि रिकाम्या भिंतीकडे सोडा. थोडी वाकवली तर खडू जवळ पडेल, जास्त वाकवली तर दूर. छडीचा हा उपयोग मुलांनाही आवडेल.