आगगाडी गेलेले गाव

उत्तर इंग्लंडात, यॉर्कशायरमध्ये, वॉर्फ नदीच्या काठी अ‍ॅडिंगहॅम हे गाव वसले आहे. भोवती कुरणे आणि मेंढरे. परंतु येथील पुष्कळ लोकांची भाकरी लीड्स व ब्रॅडफर्ड या शहरांत आहे. १८८८ साली गावात आगगाडी आली आणि तोट्यातील मार्ग बंद करण्याच्या धोरणापायी १९६५ साली ती गेली. सुमारे तीन मैलांवरील इल्कलीची गाडी मात्र वाचली. आता नोकरदार मोटारीने वा बसने तेथवर जाऊन पुढची वाट धरतात.

ज्याच्या दारी मोटार आहे, त्याला गावातल्या स्थानकाची उणीव फारशी भासत नाही. ती भासते वृद्धांना, विद्यार्थ्यांना आणि आजाऱ्यांना. शिवाय मोटारवाला शहरातूनच बाजार करून परतू लागला, की गावच्या दुकानाचे गिऱ्हाईक तुटते. सोयी अशाच एकामागून एक, गाजावाजा न होता जातात.

येथील ग्रंथालय मात्र स्वयंसेवकांनी चालते ठेवले आहे. यात कौतुक आहे, तसा इशाराही आहे. नोकरदारांच्या गावात दिवसा हाताशी असतात ते बहुधा निवृत्त लोकच. त्यांनी सारा भार किती काळ वाहावा? गाव म्हणजे केवळ रात्रीचा मुक्काम नव्हे. जो तेथे निजतो, त्याने जागेपणीचाही थोडा वेळ गावाला दिला पाहिजे.