परदेशातील परिचर्या-सेवा : व्हिसा हा शेवटचा कागद

(खारदांडा येथील नागरिक, शिक्षक व परिचर्या-शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनी यांच्या मेळाव्यात जिल्हा माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



खारदांड्याच्या कोळीवाड्यात परदेशातील नोकरीच्या परवान्यांचा विषय कशासाठी मांडावयाचा, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. ज्या घरांतील पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या होड्या लोटल्या आणि ज्या घरांतील माउल्यांनी मासळीच्या पाट्या डोक्यावरून बाजारात नेल्या, त्याच घरांतील मुली आज जी.एन.एम. आणि बी.एस्सी. नर्सिंगचे शिक्षण घेत आहेत. शिक्षण पुरे होताच परदेशाचा विचार घरात निघतो. तो निघण्यात गैर काहीच नाही. दुःख एवढेच की, बहुतेक घरांत माहिती पोहोचण्यापूर्वी दलाल पोहोचलेला असतो. अलीकडेच एका माउलीने मला विचारले, "साहेब, इंग्लंडच्या केअर व्हिसासाठी सहा लाख मागतात. दागिने मोडू का?" त्या माउलीला द्यावयाचे उत्तर हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

वैद्यकीय सेवेसाठी माणसांनी देश ओलांडणे ही मुंबईला नवी गोष्ट नव्हे. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या, आणि त्याच वर्षी एडिथ पीची या इंग्रज स्त्री डॉक्टर मुंबईस आल्या. सोराबजी शापूरजी बंगाली व जॉर्ज किट्रेज यांच्या पुढाकाराने उभारलेल्या निधीतून त्यांना बोलावण्यात आले होते. १८८६ मध्ये सुरू झालेल्या कामा रुग्णालयाची धुरा पुढे त्यांनी वाहिली. म्हणजे एके काळी परकीय डॉक्टरची गरज आपल्याला होती. पारपत्र आणि व्हिसा यांची आजची व्यवस्था तेव्हा नव्हती. ती पहिल्या महायुद्धानंतर रूढ झाली.

तथापि, देशात पाऊल ठेवण्याची परवानगी आणि रुग्णाला हात लावण्याची परवानगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १९३० मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली, आणि त्यानंतर १९३३ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेचा कायदा झाला. १९७५ मध्ये ब्रिटनने ही मान्यता पुन्हा काढली, तेव्हापासून आपल्या डॉक्टरांना तेथे परीक्षा द्यावी लागू लागली. पदवी तीच, हात तेच. परंतु दाराचा नियम बदलला. परिचारिकांच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावयाचे आहे. पहिली पायरी व्यवसायाच्या नोंदणीची, दुसरी भाषेची, तिसरी खऱ्या मालकाच्या खऱ्या नेमणूकपत्राची. व्हिसा त्यानंतर येतो. तो शेवटचा कागद आहे. जो मनुष्य पहिल्याच भेटीत व्हिसाची किंमत सांगतो, त्याच्याजवळ विकण्यासारखे बहुधा काहीच नसते.

ब्रिटनचेच उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०२० मध्ये त्या देशाने आरोग्य व शुश्रूषा कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र व्हिसा सुरू केला. त्याचे शुल्क कमी असून आरोग्य-अधिभारही माफ आहे. फेब्रुवारी २०२२ पासून वृद्धांची व अपंगांची काळजी घेणारे साहाय्यक, म्हणजे ज्यांना तेथे केअर वर्कर म्हणतात, तेही या व्हिसास पात्र ठरले. येथेच दलालांचे फावले, कारण त्या कामाला परिचर्येची नोंदणी लागत नव्हती. पुढे ११ मार्च २०२४ पासून या साहाय्यकांना कुटुंब सोबत नेण्यास मनाई झाली आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून त्यांची नवी भरती बंदच करण्यात आली. तेव्हा आज कोणी मुंबईत बसून इंग्लंडचा नवा केअर व्हिसा सहा लाखांना देऊ म्हणत असेल, तर तो अस्तित्वात नसलेली वस्तू विकत आहे. त्या माउलीला मी हेच सांगितले.

नोंदणीकृत परिचारिकेचा मार्ग मात्र वेगळा आहे. तिला तेथील नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलची संगणकावरील परीक्षा येथेच देता येते; प्रात्यक्षिक परीक्षा ब्रिटनमध्ये द्यावी लागते. इंग्रजीसाठी आयइएलटीएस परीक्षेत वाचन, श्रवण व संभाषण यांत सात आणि लेखनात साडेसहा गुण लागतात. ओइटी ही पर्यायी परीक्षाही चालते. मालकाजवळ शासनाचा प्रायोजक-परवाना आहे किंवा नाही, हे ब्रिटिश सरकारने जाहीर केलेल्या यादीत कोणालाही पाहता येते. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मालकाचा परवाना रद्द झाला, तर कर्मचाऱ्यास नवा मालक शोधण्यासाठी साधारणतः साठच दिवस मिळतात. कर्ज काढून गेलेल्या मुलीसाठी ते साठ दिवस फार लवकर संपतात.

जर्मनीकडे आता आपल्या राज्याचे विशेष लक्ष आहे. डिसेंबर २०२२ मध्ये भारत व जर्मनी यांच्यात स्थलांतरविषयक करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. दहा हजारांचे उद्दिष्ट जाहीर झाले. मी शासनाचाच सेवक आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: करार म्हणजे नेमणूकपत्र नव्हे. पूर्ण परिचारिका म्हणून मान्यता मिळण्यासाठी सामान्यतः जर्मन भाषेची बी-दोन पातळी गाठावी लागते, आणि शून्यापासून आरंभ करणाऱ्या मुलीस त्यासाठी सुमारे वर्षभर नेटाने अभ्यास करावा लागतो. आपली पदविका तेथे पुष्कळदा अंशतःच मान्य होते. मग पूरक प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा. तोपर्यंत साहाय्यकाचे काम आणि साहाय्यकाचे वेतन. हे आधी ठाऊक असेल तर मुलगी तेथे गेल्यावर खचत नाही. केरळने २०२१ मध्ये तेथील सरकारी यंत्रणेशी 'ट्रिपल विन' या योजनेखाली करार केला, त्यात निवड झालेल्या परिचारिकेकडून भरतीचे शुल्क घेतले जात नाही. हा आदर्श आपल्यासमोर आहे.

आखाती देशांविषयी केरळचाच अनुभव सांगतो, कारण तो कडू आहे. २०१४ मध्ये इराकमधील तिक्रित येथे युद्धात अडकलेल्या ४६ परिचारिका जुलैमध्ये सुखरूप कोचीला परतल्या. त्यांतील अनेकींना कित्येक महिन्यांचे वेतन मिळाले नव्हते आणि घरी कर्ज होते, म्हणून जीव धोक्यात असतानाही परतावे की नाही, असा प्रश्न त्यांना पडला होता. २०१५ मध्ये कुवेतच्या भरतीत १९,५०० रुपयांऐवजी सुमारे साडेएकोणीस लाख रुपये उकळल्याचा आरोप एका खाजगी भरती संस्थेवर झाला आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. त्याच वर्षी केंद्र सरकारने आखातासह अठरा देशांत जाणाऱ्या परिचारिकांना, त्यांच्या पारपत्रावर तशी अट नसली तरी, उत्प्रवास मंजुरी आवश्यक केली आणि भरती मुख्यतः राज्य शासनांच्या संस्थांकडे सोपविली. पर्यटक व्हिसावर जा, तेथे गेल्यावर बदलून देऊ, असे सांगणारा माणूस ही मंजुरी चुकवीत असतो, आणि संकट आले की अशा मुलीचे नाव आपल्या सरकारच्या कोणत्याही वहीत नसते.

अमेरिकेबाबत थोडक्यात सांगतो. एनक्लेक्स परीक्षा मुंबईतही देता येते, परंतु कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी भारतात जन्मलेल्यांची रांग अनेक वर्षांची आहे. जपान शुश्रूषा-साहाय्यक घेतो, पण जपानी भाषा आल्यावरच.

आता शिक्षकांना आणि ग्रामपंचायतींच्या सदस्यांना उद्देशून दोन शब्द. परदेशी जाणाऱ्या मुलीचा अर्ज बहुधा नावापाशी अडतो. शाळेच्या जनरल रजिस्टरात गुरुजींनी लिहिलेले नाव दाखल्यावर येते. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी माहेरच्या नावाने, आणि पारपत्र लग्नानंतरचे म्हणून सासरच्या नावाने. त्यात 'श्री'चा शेवट रोमन लिपीत कोणी एका आयने करतो, कोणी दोन ईंनी. आपल्या दृष्टीने ती एकच मुलगी. परदेशी तपासनीसाच्या दृष्टीने त्या तीन स्त्रिया. मग राजपत्रात नावबदल, प्रतिज्ञापत्र, विवाहाचा दाखला यांत सहा-सहा महिने जातात, नेमणुकीची मुदत टळते, आणि "मी करून देतो" म्हणणारा पुन्हा दारात उभा राहतो. जन्माची नोंद वेळेवर व शुद्ध करणे, दाखल्यातील चूक मुलगी शाळेत असतानाच दुरुस्त करणे, यास एक पैसाही लागत नाही. परिचर्या परिषदेकडून परदेशी परिषदेस थेट जाणाऱ्या पडताळणीसाठीही नोंदणीचे नूतनीकरण झालेले असावे लागते. नोकरी नसलेल्या मुली नेमके तेच विसरतात.

पैशांचा हिशेबही सांगतो. १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटास नोंदणी आवश्यक आहे. नियमांप्रमाणे त्याचे सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील वस्तू व सेवा कर एवढेच, आणि त्याची पावती मिळालीच पाहिजे. नोंदणीकृत एजंटांची नावे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहेत. मोबाइल मुलांच्या हातात असतोच. दागिने मोडण्यापूर्वी पाच मिनिटे तेवढे नाव शोधण्यास सांगावे. ब्रिटनच्या भरती संहितेप्रमाणे तर उमेदवाराकडून भरतीचे शुल्क घेणेच वर्ज्य आहे. परीक्षा, भाषेचे वर्ग, कागदपत्रे यांचा खर्च होतो, तो खरा खर्च आहे. परंतु तो ज्या त्या संस्थेस थेट भरावयाचा असतो, कोणाच्या हातात रोख द्यावयाचा नसतो.

मुलींनी जावे की राहावे, हे मी सांगणार नाही. आपल्या रुग्णालयांतही परिचारिकांची वाण आहे, हे मला ठाऊक आहे. पण ती वाण येथील वेतन व सेवाशर्ती सुधारून भरून काढावयाची आहे, मुलींच्या वाटेत उभे राहून नव्हे.

उत्प्रवासी संरक्षकांचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात आहे, येथून फार दूर नाही. नेमणूकपत्र, एजंटाने दिलेला कागद व पारपत्र यांच्या प्रती घेऊन सही करण्यापूर्वी तेथे जावे. आज ज्यांनी असे कागद सोबत आणले आहेत त्यांनी पुढे यावे. ते आपण येथेच पाहू, मग बाकीचे प्रश्न घेऊ.