कोऱ्या यंत्राची पहिली हांक

शाळेंत किंवा कचेरींत नवे संगणक येतात, तेव्हां त्यांचीं खोकीं मोठ्या उत्साहानें उघडलीं जातात. परंतु तारा जोडून कळ दाबली, तरी कोरा संगणक कांहींच करीत नाहीं. त्याच्या डिस्कवर अजून ऑपरेटिंग सिस्टिम बसविलेली नसते. आणि यंत्राचा सारा मूळ कारभार पाहणारी ही प्रणाली नसेल, तर यंत्र असून नसल्यासारखेंच. ती बसवावयाची तर समोर बसून कितीतरी प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतात: भाषा कोणती, घड्याळ कोणत्या देशाचें, डिस्कचे भाग किती, यंत्राचें नांव काय. एकेका यंत्रामागें पाऊण तास धरला, तरी चाळीस यंत्रांना तीस तास होतात. हेंच काम कोणी समोर न बसतां, नेटवर्कच्या तारेवरून, सर्व यंत्रांवर एकदम कसें करतां येतें, आणि तें करतांना कोणती जबाबदारी आपल्या शिरावर येते, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

पहिली शंका अशी कीं, ज्या यंत्राजवळ कांहींच विद्या नाहीं, तें विद्या मागणार तरी कसें? याची सोय यंत्र घडवितांनाच केलेली असते. त्याच्या मुख्य पाटीवर फर्मवेअर नांवाची अल्पशी जन्मजात बुद्धि असते. इंटेल कंपनीनें पुरस्कारिलेली ‘पीएक्सई’ नांवाची एक पद्धति आहे, तिची २.१ ही आवृत्ति १९९९ सालीं प्रसिद्ध झाली. या पद्धतीनुसार ही जन्मजात बुद्धि नेटवर्कवर हांक मारूं शकते. ती हांक कोणा एकाला उद्देशून नसते. त्या नेटवर्कांतील सर्वांना ती ऐकूं जाते. यंत्र जणूं म्हणतें, “मी अमुक. मला पत्ता द्या, आणि पुढची शिदोरी कोठून घ्यावयाची तें सांगा.” हें ‘अमुक’ म्हणजे नेटवर्क-कार्डाला कारखान्यांतच दिलेला ४८ बिटांचा क्रमांक होय. तो बारा अक्षरांत लिहितां येतो. डीएचसीपी नांवाची सेवा चालविणारा सर्व्हर ही हांक ऐकून यंत्राला पत्ता देतो, आणि पहिली फाइल कोणत्या ठिकाणीं मिळेल हेंही कळविलें जातें. आपल्याकडे बाळाचें नांव बाराव्या दिवशीं ठेवतात. येथें तें क्षणार्धांत उरकतें.

ती फाइल आणण्यासाठीं टीएफटीपी ही जुनी व अगदीं साधी रीति वापरतात. पंगतींतल्या सावध वाढप्याप्रमाणें सर्व्हर एका वेळीं एकच घांस वाढतो; मूळ नियमानुसार तो ५१२ बाइटांचा असतो. “पोंचला” असा निरोप आल्याखेरीज दुसरा घांस पडत नाहीं. असा घांस घांस घेऊन यंत्र एक छोटा कार्यक्रम मिळवितें, तो कार्यक्रम मोठ्याला बोलावतो, आणि अखेर ऑपरेटिंग सिस्टिम बसविणारा मुख्य कार्यक्रम येऊन दाखल होतो. आतां त्याचे प्रश्न सुरू व्हावयाचे. पण उत्तरें आपण आधींच एका फाइलींत लिहून ठेवलेलीं असतात. रेड हॅट लिनक्समध्यें त्या सोयीला ‘किकस्टार्ट’ म्हणतात, डेबियनमध्यें ‘प्रीसीड’. विंडोज २००० च्या सर्व्हरबरोबर मायक्रोसॉफ्टनें अशाच कामासाठीं ‘रिमोट इन्स्टॉलेशन सर्व्हिसेस’ ही सेवा दिली होती; पुढें तिची जागा ‘विंडोज डिप्लॉयमेंट सर्व्हिसेस’नें घेतली.

येथवरची हकीकत ऐकून आपल्याला वाटेल कीं, मग आतां चिंता कसली? मलाही एकेकाळीं तसेंच वाटलें होतें. एका शाळेच्या संगणक-वर्गासाठीं मीं ही सर्व व्यवस्था लाविली. उत्तरांच्या फाइलींत ‘जुनें सर्व पुसून टाक’ असें उत्तर होतें. कोऱ्या यंत्रांना त्याची बाधा नव्हती. सर्व्हरला मात्र मीं, हांक मारील त्याला उत्तर दे, असें सांगितलें होतें. त्याच तारेवर शिक्षकांच्या खोलींतील एक संगणक होता. त्याच्या फर्मवेअरमध्यें ‘आधीं नेटवर्क, मग डिस्क’ असा क्रम कोणीतरी कधींकाळीं लावून ठेवलेला होता. रात्रीं वीज गेली, पहाटे आली. वीज येतांच आपोआप सुरू होण्याची त्याची योजना होती. त्यानें हांक मारली, माझ्या सर्व्हरनें इमानें उत्तर दिलें, आणि शाळा उघडेपर्यंत तो संगणक कोरा करकरीत होऊन नव्या प्रणालीसह सज्ज झाला. एका शिक्षिकाबाईंनीं आसपासच्या गांवच्या वृद्ध स्त्रियांकडून तीन वर्षें टिपून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांत होत्या. त्यांची दुसरी प्रत नव्हती.

बाई रागावल्या नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारलें, “अहो, पुसण्यापूर्वीं त्यानें एकदां विचारायला नको होतें का?” त्यानें विचारूं नये, हीच व्यवस्था तर मीं मोठ्या हौसेनें केली होती. मला उत्तर सुचलें नाहीं.

त्या दिवसापासून मी चार गोष्टी कटाक्षानें पाळतों. पहिली, फर्मवेअरमधील क्रम ‘आधीं डिस्क, मग नेटवर्क’ असा ठेवतों. नव्या यंत्राची डिस्क रिकामी असल्यामुळें तें आपोआप नेटवर्ककडे वळतें; प्रणाली बसल्यावर डिस्कवरूनच सुरू होतें, आणि पुन्हां हांक मारीत नाहीं. दुसरी, प्रत्येक यंत्राचा क्रमांक आधीं वहींत उतरून घेतों, आणि यादींत नसलेल्याला सर्व्हरनें उत्तर देऊं नये, अशी ताकीद देतों. वर सांगितलेल्या मायक्रोसॉफ्टच्या दोन्ही सेवांत ही सोय ठेवलेली आहे. तिसरी, हें काम वेगळ्या तारेवर व वेगळ्या स्विचवर करतों. चौथी, आधीं एकाच यंत्रावर प्रयोग करून पाहतों. कारण उत्तरांच्या फाइलींतील एक चूक चाळीस यंत्रांवर चाळीस वेळां होते.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कोरें यंत्र भोळें असतें. उत्तर देणारा खरा कोण, हें पारखण्याची सोय या जुन्या रीतींत नाहीं. टीएफटीपीमध्यें तर परवलीचा शब्दही लागत नाहीं. अलीकडच्या यंत्रांत ‘सिक्युअर बूट’ चालूं असेल, तर आलेल्या पहिल्या कार्यक्रमावरील सही तपासली जाते. २०१५ सालच्या यूईएफआय २.५ या नियमावलीनें टीएफटीपीऐवजीं एचटीटीपीवरून सुरुवात करण्याचीही वाट मोकळी केली. मात्र, खऱ्या सर्व्हरनें चुकीच्या यंत्राला दिलेलें उत्तर कोणतीही सही थोपवूं शकत नाहीं. ती पारख यादी करणाऱ्यालाच करावी लागते.

पुढच्या उन्हाळ्यांत त्याच शाळेचीं चाळीस यंत्रें मीं एका रात्रींत सज्ज केलीं. यादीवरून दोनदां बोट फिरविलें; शिक्षकांच्या खोलींत स्वतः जाऊन तेथील तार काढून ठेविली. बाईंनीं तोंवर ओव्या पुन्हां जमविण्यास आरंभ केला होता. कांहीं जुन्या वह्यांत सांपडल्या. कांहीं त्याच गांवीं जाऊन पुन्हां लिहून आणल्या. परंतु सांगणाऱ्यांपैकीं दोन आजीबाई मध्यंतरीं निवर्तल्या होत्या. त्यांच्या ओव्या पुन्हां मिळाल्या नाहींत.

श्रोतेहो, आपल्या शाळेंत वा कचेरींत असें काम निघालें, तर तें अवश्य करवून घ्या. त्यांत श्रम वांचतात आणि सर्व यंत्रें एकसारखीं होतात. मात्र आदल्या दिवशीं, त्या तारेवर आणखी कोणाचें यंत्र आहे आणि त्यांत काय आहे, एवढें एकदां विचारून घ्या. तो प्रश्न यंत्र आपल्यासाठीं विचारणार नाहीं.