कथलाचं लेणं : टाकलेलं आणि ओतलेलं

(वडनेर, ता. हिंगणघाट येथील महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

कथलाचे दागिने ओतायला शिकावं का, यावर तुमच्यात दोन तट पडले आहेत. मुली म्हणतात, शहरातल्या प्रदर्शनांत असा माल खपतो, चार पैसे मिळतील. म्हाताऱ्या बाया म्हणतात, ते लेणं आमच्या आयांनी उतरवलं, आता पुन्हा घरात नको. मी आधी म्हाताऱ्या बायांच्या बाजूने बोलते.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली, हे आपल्याला पाठ आहे. त्याच परिषदेत बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले, हे कमी सांगितलं जातं. गळाभर गळसऱ्या, कोपरापर्यंत कथलाच्या नाहीतर चांदीच्या पाटल्या, वर खोचलेलं लुगडं, यावरून तुमची जात लांबून ओळखू येते, ते सोडा, असं त्यांनी सांगितलं. तिथेच अनेकींनी लुगडं नेसण्याची तऱ्हा बदलली. दुसरीकडे, १९२८ च्या सुमारास इंदूर संस्थानातल्या काही गावांत सवर्णांनी बलाई समाजावर नियम लादले, त्यात बायांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत असाही एक होता. म्हणजे हलकं लेणं घातलं तर ओळखलं जाणार आणि भारी घातलं तर शिक्षा. अंग बाईचं, हुकूम गावाचा!

तेव्हा धातूचा दोष नव्हता, सक्तीचा होता. आज एखादी मुलगी आपल्या मर्जीने कथलाची कर्णफुलं घालते तेव्हा तिला कोणी त्यावरून पाणवठ्यावर अडवत नाही. पण व्यापारी त्याच पाटल्यांवर 'अस्सल पारंपरिक' अशी चिठ्ठी लावून विकू लागला, तर आपण त्याला तो इतिहास सांगायचा की गप्प बसायचं? माझं मत, तो नमुना काढूच नये. पानं, फुलं, कापसाचं बोंड, हवं ते घडवा.

आता कामाचं. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून साध्या शेगडीवर, लोखंडी पळीत काम होतं. भट्टी, भाता लागत नाही. साचा मऊ दगडात कोरतात, पण तो खडखडीत कोरडा हवा. ओल राहिली तर तिची वाफ होऊन तापलेला रस उडतो आणि डोळा जातो. पळी स्वयंपाकाची वापरू नका. पोरं जवळ नकोत.

सगळ्यात मोठा धोका शिशाचा आहे. भंगारातलं कथील स्वस्त म्हणून घेतलं तर त्यात शिसं असू शकतं. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडच्या डाख देण्याच्या तारेतही ते बहुधा असतं. धूर आणि कानशीचा कीस श्वासाबरोबर आणि हातातोंडावाटे पोटात जातो. गरोदर बाई आणि लहान मूल यांना त्याचा सगळ्यात जास्त त्रास. मुलाच्या मेंदूवर परिणाम होतो. शुद्ध कथलाची खात्री मिळेल तिथूनच माल घ्या, उघड्यावर बसा, काम झाल्यावर हातपाय धुऊनच भाकरीला हात लावा. महाग पडतं म्हणून हे टाळू नका. हा आजार मजुरीत धरला जात नाही.

दागिना सांभाळायला सोपा आहे. कथील लोखंडासारखं गंजत नाही, पण मऊ असतं. राख, वाळू, काथ्या लावला की चरे पडतात. रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवावं, मऊ फडक्याने पुसावं, चुलीपाशी ठेवू नये. पुन्हापुन्हा वाकवलं तर मोडतं. मोडलं तर वितळवून नवं करता येतं, टाकून द्यायचं नाही.

भाव ठरवताना मात्र सावध राहा. व्यापारी तराजू काढील आणि कथलाच्या वजनावर बोलेल. तुम्ही नगावर बोला. साचा कोरायला गेलेली दुपार, कानस घासायला गेलेली संध्याकाळ, सरपण, वाया गेलेले नग, सगळं वहीत लिहा. पैसे ज्या बाईने केलं तिच्या हातात द्या, तिच्या नवऱ्याच्या नाही.